ठणठणीत गुडघ्यावरचा पट्टा

मी गुडघ्याचा पट्टा बोलतोय. स्वभावाने संशयी आहे, आधीच सांगतो. मला घेणारा प्रत्येक जण म्हणतो, थोडंसंच दुखतंय. थोडंसं दुखणारा माणूस कधी पट्टा शोधत दुकानं पालथी घालतो का?

मला घेतलं एका बास्केटबॉलपटूने. वय चौतीस, तेरा वर्षांचा पगारी खेळाडू, आणि उंची अशी की संघातले त्याला शिडी म्हणत. त्याने मला डाव्या गुडघ्यावर चढवलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. गुडघा ठणठणीत होता. मग मी इथे कशाला?

दुखरा होता उजवा. समोरचे खेळाडू मला बघून डाव्या बाजूलाच धडका द्यायचे आणि हा पठ्ठ्या मनातल्या मनात हसायचा. त्यात करार संपत आला होता. उजव्याचं कळलं असतं तर नवा मिळाला नसता. अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी संघाच्या डॉक्टरांनी मला काढून डावा गुडघा दाबला, वाकवला आणि 'उत्तम' असं लिहून मोकळे झाले. उजव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टर इतके भोळे असतात? मला नाही वाटत.

त्याच दिवशी माझी शिवण उसवली, म्हणून तो मला थोरल्या बहिणीकडे घेऊन गेला. ताई शिवणकाम करते. तिने मला ताणून पाहिलं, उलटं केलं आणि मशीन थांबवलं.

"वर्षभर वापरलास, तरी हा जरासुद्धा सैल नाही. नक्की कुठला गुडघा दुखतोय रे तुझा?"

सामना झाला की सांगतो, म्हणाला.

"तोवर चालण्यापुरता तरी उरेल का तो?"

मला वाईट वाटलं. खेळ सुटला तर पुढे काय करायचं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

सामन्याच्या दिवशी त्याने मला सगळ्यांदेखत उजव्या गुडघ्यावर चढवलं. टम्म सुजलेला, तापलेला गुडघा. ताईची नवी शिवण करकरली. प्रशिक्षकांनी आधी पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

त्यांना फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही, हे मी विसरलेलो नाही. बस म्हणाले. शिडी बाकावर बसला, संघ हरला, करारही गेला.

आता मी रोज उजव्यावरच असतो. पार सैल झालोय, पण तक्रार नाही. तुम्हीही मला दुखऱ्या पायालाच बांधा, एवढंच मागणं आहे. त्याला आता धावता येत नाही, चालता येतं. तो सामना खेळला असता तर तेही गेलं असतं, असं ताईने शोधलेले नवे डॉक्टर म्हणाले. यांच्यावर माझा विश्वास आहे. यांनी दोन्ही गुडघे तपासले.