गोदाबाईंच्या खिडकीची फिल्म

"हात ठेवा साहेब, घाबरू नका. आंदी या काचीमांगं. आता या दुसरीमांगं."

रामरावांनी साध्या काचेमागे हात धरला आणि लगेच ओढून घेतला. मग फिल्म लावलेल्या काचेमागे धरला, तो मात्र तिथेच राहू दिला. दोन्ही काचांपुढे तोच तापता दिवा होता. गजेंद्र हसला. अकोल्याच्या मूर्तिजापूर रोडवरच्या या दुकानात बावीस वर्षं तो गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावत होता, आणि हा दिव्याचा खेळ पाहून माघारी गेलेलं गिऱ्हाईक त्याला आठवत नव्हतं.

रामराव परतवाड्याचे. कोर्टाच्या कामासाठी त्यांची गाडी चार-चार तास उन्हात उभी राहायची. डॅशबोर्ड मधोमध तडकला होता, मागच्या सीटच्या खपल्या निघत होत्या, आणि दार उघडलं की तापल्या प्लॅस्टिकचा भपका यायचा.

"तीन साल झाले फक्त गाडीले," ते म्हणाले. "लेकरावानी जपली, तरी आतून शिजून गेली. एकदम काळी फिल्म लावून दे बावा."

"काळी पोलीस रस्त्यावरच काढाले लावतात. ही फिक्की लावा. आता सीट फाटनार नाई, डॅशबोर्ड तडकनार नाई."

काळी, बाहेरून आरशासारखी चमकणारी फिल्म दुकानाच्या कोपऱ्यात कधीपासून धूळ खात पडली होती. संध्याकाळी गजेंद्रने मालकाला विचारून तिचा दीड मीटर तुकडा घरी नेला. जन्मभर लोकांच्या सीटा वाचवल्या आणि आपली माय टिनाच्या छपराखाली भाजते आहे, याची त्याला त्या दिवशी लाज वाटली. खरं तर ती आधीच वाटायला हवी होती.

मायला, गोदाबाईंना, दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, डावा हात तेवढा कामाचा राहिला. त्यांची खाट गल्लीकडच्या खिडकीला लावलेली होती. खिडकी पश्चिमेची, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन थेट अंगावर यायचं. सून चंदा दालमिलमध्ये कामाला, ती सकाळी जायची ती संध्याकाळीच यायची. दिवसभर गोदाबाईंचा सगळा संसार म्हणजे ती खिडकी. येणारी-जाणारी बाई आत डोकावायची, गोदाबाई हात वर करायच्या, की कोणीतरी आत येऊन पाणी पाजून, कूस बदलून जायचं. समोरची माणिकबाई तर दिवसातून चारदा. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं, म्हणून कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

रविवारी गजेंद्रने खिडकी घट्ट लावून घेतली. काच धुतली, साबणाचं पाणी मारलं, आतून फिल्म चढवली आणि पट्टीने एकेक बुडबुडा बाहेर काढला. एवढ्या निगुतीने त्याने कुठल्या आमदाराची गाडीही केली नसेल.

"अंधार काहून करून राहिला?" गोदाबाईंनी जड जिभेने विचारलं.

"अंधार नाई माय. तुले गल्ली सारी दिसते, पाह्य. बाहेरून मातर कोणाले काई दिसत नाई. मोठ्या लोकाइच्या गाडीवानी."

गोदाबाई अर्ध्या तोंडाने हसल्या. दुपारी गजेंद्रने खोलीत पुन्हा थर्मामीटर टांगला. पारा शनिवारच्या दुपारपेक्षा तीन अंशांनी खाली होता. त्याने तो चंदाला दोनदा नेऊन दाखवला. मायसाठी आपण काहीतरी केलं, या आनंदात त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मंगळवारी ऊन सेहेचाळीसवर गेलं. साडेबाराला वीज गेली ती चार वाजेपर्यंत आलीच नाही. कूलर बंद, खिडकी बंद. गजेंद्र तेव्हा एका नव्या गाडीची मागची काच करत होता. साडेपाचला चंदाचा फोन आला.

"आई उठून नाई राहिल्या. तुमी या लवकर."

पाण्याचा गडवा खाटेखाली लवंडलेला होता. जमिनीवर पाण्याचा डागसुद्धा उरला नव्हता. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. जीव तीनच्या सुमारास गेला असावा.

आठव्या दिवशी सकाळी, चंदा नळावर गेलेली पाहून माणिकबाई आली. दारातच उभी राहिली.

"गजू, एक इचारू का? थ्या दिशी दीड वाजता मी तुमच्या खिडकीपाशी थांबली होती. साखरपुड्याले चालली होती. काचीत तोंड पायलं, टिकली नीट केली, केसं सावरले." तिने चादर अडकवलेल्या खिडकीकडे पाहिलं. "आतून टकटक होऊन राहिली होती रे. मले वाटलं, कूलर वाजून राहिला. ऑटोत बसल्यावर आठोलं, लाइन तं गेली होती. उशीर झाला होता, मी वापस नाई आली. तवा गोदामाय जिती होती का रे?"

गजेंद्रला तिचा राग आला. क्षणभर तिचा, आणि मग फक्त स्वतःचा. हिच्या नजरेपासून मायला आपणच झाकून टाकलं होतं.

"नाई मावशी. डाक्टर म्हने, बाराच्या आंदीच गेली. झोपीतच."

"मंग ते टकटक?"

"मांजर असन. येत राह्यते आमच्याकडं."

माणिकबाई पदराने तोंड पुसून म्हणाली, "बरं झालं तुले इचारलं." आणि गेली.

तिची पावलं दूर जाईपर्यंत गजेंद्र थांबला. मग फिल्म खरडायचं पातं घेऊन तो खाटेवर चढला आणि खिडकीच्या खालच्या भागावर अडकवलेली चादर काढली. चंदाला दिसू नये म्हणून ती त्यानेच पहिल्या दिवशी अडकवून ठेवली होती. निजलेल्या माणसाचा डावा हात पोचेल तेवढ्या उंचीवर फिल्मभर नखांचे ओरखडे होते. खालच्या कोपऱ्यात ती बोटभर सोलली होती. त्यापुढे हात चालला नव्हता.

त्याने तिथूनच खरडायला सुरुवात केली. रडू येत होतं, तरी तो थांबला नाही. दहा वाजेपर्यंत काच लख्ख झाली. गल्लीतून पाणी घेऊन चाललेल्या दोन बाया सवयीने आत डोकावल्या, आणि खाट रिकामी पाहून पुढे गेल्या.