कथलाची कुरकुर

एक.

मेकॅनिकने पहिल्या रिळातून वीतभर लांबीची जाड तार तोडली, उजव्या कानाशी नेली आणि डोळे मिटून वाकवली.

कुर्रर्र.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या उशाशी बसलेल्या त्याच्या मुलीला यंत्राच्या घरघरीतूनही ते ऐकू आलं.

"गप्प आहे," मेकॅनिक म्हणाला. "म्हणजे शिसं भरपूर. हेच घ्यायचं."

दोन्ही रिळांवरची लेबलं कधीच झडली होती. त्याला लेबल लागतच नसे. नुसतं कथील वाकवलं की कुरकुरतं. शिसं मिसळलेलं मुकाट वाकतं. सांधे जोडायचं बिनशिशाचं सोल्डर वितळायला उष्णता जास्त लागते, आणि टेबलावर मांडलेले सौर सेल कागदाइतके पातळ. गेल्या आठवड्यात अकरा तडकले. "सेलच हलके निघाले," असं तो म्हणाला होता. पॅनेलला छत्तीस लागतात. आता छत्तीसच उरले होते.

त्याने वळून पाहिलं. मुलीच्या भुवया वर गेलेल्या.

"काय इन्स्पेक्टरबाई? चाळीस वर्षं रेडिओ जोडलेत या कानांवर. आता रविवारच्या रविवारी येऊन तुम्ही तपासणी करणार?"

ती हसली. आधी हसली.

दोन.

दुसरी तार. तोच कान, तेच मिटलेले डोळे. मुलगी श्वास रोखून ऐकत होती. काही नाही.

"हे कसं ओरडतंय बघ," मेकॅनिक म्हणाला. "बाद."

मध्येच, तो गुरुवार.

दुपारी वीज गेली. आईचं श्वासाचं यंत्र थांबलं. मेकॅनिक याच टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून. मान वर केली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. शेजाऱ्यांनी कुठूनसा ऑक्सिजनचा सिलिंडर आणला म्हणून जीव वाचला. आईचे शब्द आणि एक हात गेले ते गेलेच. "अलार्म वाजलाच नाही," तो येईल त्याला सांगत राहिला. मुलीने यंत्रवाल्याला दारात उभं करून फाडून खाल्लं. मेकॅनिक तेव्हा औषधं आणायला गेला होता. यंत्रवाल्याने निमूटपणे एक बटण दाबून अलार्म वाजवून दाखवला. "ताई, ठणठणीत आहे हो." ती त्याला खोटारडा म्हणाली होती.

त्या संध्याकाळी मेकॅनिकने पॅनेल करायला घेतलं. वीज गेली तरी यंत्र थांबता कामा नये.

दोन, पुढे.

मुलीने फळीकडे पाहिलं. पूर्वी दिवसभर वाजणाऱ्या रेडिओच्या जागी सोल्डरआधी लावायच्या फ्लक्सच्या डब्या. फोन नेहमी आईच उचलायची. हल्ली तो स्वतःच लावतो, आपलं सांगतो, ठेवून देतो.

तिने यंत्राचं ते बटण दाबलं.

टीं. टीं. टीं. आईचे डोळे खाडकन उघडले. खिडकीतलं कबुतर फडफडत उडालं. मेकॅनिकची पाठ हलली नाही. तो एकेका सेलवर फ्लक्सचा ब्रश फिरवत राहिला, बाळाचं तोंड पुसावं तसा जपून.

आईने चालत्या हाताने मुलीचं बोट बटणावरून बाजूला केलं. तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

एक, खोडून.

मुलीने टेबलापाशी जाऊन त्याच्या हातातलं रीळ काढून घेतलं, दुसरं ठेवलं.

"हे."

"अगं, ते ओरडतं म्हणून सांगितलं ना?"

"एकदा माझ्या हट्टाखातर."

"तडकला तर तुझ्या माथी."

त्याने तापलेलं टोक टेकवलं. सोल्डर पाण्यासारखं पसरलं, चकाकलं. सेल शाबूत. मेकॅनिक त्या सांध्याकडे पाहत राहिला. मग एका रिळाकडे. मग दुसऱ्याकडे. फ्लक्सचा धूर त्याच्या चेहऱ्यावरून गेला तरी त्याने मान वळवली नाही.

उद्या मुलगी कामावर जाणार. मग पुढच्या रविवारपर्यंत घरात हे दोघंच.

"बाबा, पॅनेल झालं की इथे टेबलावर एक बल्ब लावा. यंत्र थांबलं की पेटेल असा."

तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"बल्ब कशाला? अलार्म आहे की."

"अलार्म बिघडलाय ना. तुम्हीच म्हणालात."

मेकॅनिकने खाटेकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले होते. त्याने मान खाली घातली आणि आधीच सरळ असलेल्या तांब्याच्या पट्ट्या पुन्हा सरळ करायला लागला.

"कोणत्या रंगाचा?" त्याने विचारलं.

"लाल."

तो उत्तराची वाट बघत राहिला. मान खालीच.

मुलगी टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर गेली, गुडघ्यांवर बसली, त्याची नजर वर येईपर्यंत थांबली.

"लाल, बाबा."