थोरल्या हातचा घड

आमच्या घरी लाल द्राक्षांचा पहिला घड घरातल्या थोरल्याने तोडायचा, आणि तो तोडला जाईपर्यंत दुसऱ्या कुणी वेलीला सुरी लावायची नाही. बेका खोऱ्यातल्या इतर मळ्यांत असं काही नाही. तिथे गोडी मोजतात आणि काढणीला माणसं लावतात. आजोबा होते तोवर या रीतीचं ओझं कुणालाच जाणवलं नाही. द्राक्षं पिकली की ते एकटेच मळ्यात जात, एक घड कापून आपल्या टोपीत ठेवत आणि मागे न पाहता घरी येत. उरलेलं सारं बाबांचं. छाटणी बाबांची, तळघरातली पिंपं बाबांची, वाइन बिघडली तर बोलणीही बाबांचीच. घड तेवढा आजोबांचा.

या वसंतात आजोबा गेले आणि थोरलेपण बाबांच्या थोरल्या भावाकडे, समुद्रापार साओ पावलोला राहणाऱ्या मित्रीकाकांकडे गेलं. काका ऐन तारुण्यात गेले ते परतले नव्हते. दफनालाही पोहोचू शकले नाहीत. फोनवर रडता रडता ते बाबांना म्हणाले, "शुक्री, द्राक्षं काढायला मी येतो. मी आल्याशिवाय काढू नकोस रे."

यंदा उन्हाळ्यात उष्मा असा पडला, की ऑगस्ट सरायच्या आतच सँसोचे मणी काळेनिळे झाले. सँसो ही आमची जुनी लाल जात, तारांच्या आधाराशिवाय झुडपासारखी वाढणारी. मी रोज मणी चिरडून त्याचा थेंब गोडी मोजायच्या नळीत पाही आणि बाबांना आकडा सांगे. कुणाच्या दुखण्याची बातमी ऐकावी तसे ते मान हलवत. विमानतळाचा भरवसा नव्हता. काकांचं एक विमान रद्द झालं, दुसरं लांबलं. दर वेळी ते पलीकडून ओशाळे होत, आणि दर वेळी बाबा म्हणत, सावकाश ये.

नजलाआत्या आमच्याकडेच राहते. तिला गप्प राहणं जमत नाही.

"शुक्री, यंदा द्राक्षं काढायचीत की बेदाणे? तसं सांग, म्हणजे मी गच्चीवर चादरी पसरते."

"दादा येतोय."

"येईल रे. पण द्राक्षं ओळखतात का तुझ्या दादाला?"

मग ती जवळ बसली आणि आवाज उतरवून म्हणाली, की घड तूच तोड, मी कुणाला सांगणार नाही. बाबांनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मी सुरी लावली, की मळा मी घेतला असं होईल, नजला. तो तिकडे एकटा बसून तेच म्हणेल. तोंडाने म्हणणार नाही, पण म्हणेल."

तो घड आपल्या हाताने तोडावा असं बाबांना जन्मभर वाटत आलं होतं, हे आत्याला आणि मलाही ठाऊक होतं. जे मनापासून हवं असतं, त्याला हात लावताना माणूस चोरासारखा घाबरतो.

सप्टेंबरच्या मध्यावर क्रूसाच्या सणाचे जाळ डोंगरमाथ्यांवर पेटले, विझले, आणि दुसऱ्या दिवशी काका आले. स्थूल, दमलेले, सर्वांसाठी काही ना काही आणलेले. बाबांनी त्यांना बसूही दिलं नाही. थेट मळ्यात नेलं आणि आजोबांची वाकडी सुरी पुढे केली.

"हे काय?"

"पहिला घड. तुझ्या हातचा."

काकांनी सुरकुतलेल्या मण्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे तू अजून काढलीच नाहीस? अरे, मी आपलं बोलून गेलो. मला तुला भेटायचं होतं, शुक्री. हे घडाचं तर मी विसरूनही गेलो होतो."

"सुरी धर, दादा," बाबा म्हणाले.

काकांनी सुरी नीट धरली नाही. निम्मे मणी मातीत पडले. उरलेला घड त्यांनी बाबांच्या हातात दिला. टोपी त्यांना आठवली नाही.

रस पाकासारखा दाट निघाला. तरी पहिले काही दिवस पिंपांतला रस आंबून छान फसफसला. साली फुगून वर येत आणि दोघे भाऊ लांब दांड्यांनी त्या खाली दाबत, लहानपणच्या शिक्षकांच्या नकला करत हसत. बाबांना इतकं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं आहे. मग एका सकाळी साली वर आल्याच नाहीत. मी चव घेतली: जिभेला चिकटणारी, अर्ध्यावर राहिलेली गोडी. साखर इतकी होती, की तिच्यातूनच झालेल्या मद्याने आंबवण मेलं होतं. आम्ही तळघर ऊबदार ठेवलं, शेजाऱ्याच्या पिंपातलं जिवंत आंबवण आणून घातलं. काही हाललं नाही. यंदाची सगळी लाल वाइन अराक दारू गाळायला भट्टीवर जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

निघायच्या दिवशी काका बॅग दाराशी ठेवून तळघरात उतरले. बाबा तिथे पिंपाला कान लावून उभे होते. आंबणारी वाइन आतून बोलते, तिचं बोलणं ऐकायची त्यांची सवय. काकांनीही दुसऱ्या बाजूने कान टेकवला. पिंपाच्या दोन बाजूंना दोन पांढरी डोकी, आणि मध्ये आवाज काहीच नाही.

"एकदा फोनवर म्हणायचंस," बाबा अखेर म्हणाले, "की तूच तोड."

"माझ्या मनातही आलं नाही रे," काका म्हणाले. "मळा तुझाच आहे असं मी कायम धरून चाललो होतो."

बाबांनी कान काढला नाही. वरून आत्याने गाडी आल्याचं सांगितलं.

गाडी वळणाआड गेल्यावर बाबा घरात आले नाहीत. मी तळघराच्या दारातून पाहिलं. काढणी होऊन गेलेल्या ओळींतून ते एकटे चालले होते, पानं उलटत, वाकत. भिंतीजवळच्या वेलीशी ते थांबले. तिथे मजुरांच्या नजरेतून निसटलेला एक घड लोंबत होता, पार सुकलेला. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. खिशातून आजोबांची सुरी काढली, घड कापला आणि आपल्या टोपीत ठेवला.

मी दारातून मागे सरलो, त्यांना दिसू नये म्हणून.