ब्रॅन कुणाचा

नूलाला जाऊन महिना झाला, तेव्हा रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली आणि नंतर सगळं गाव तिच्या नवऱ्याच्या, मॅलकीच्या स्वयंपाकघरात चहा-सँडविचला लोटलं. बसायला जागा नव्हती. तरी चुलीजवळच्या खुर्चीवर कुणी बसेना. ती नूलाची, आणि खाली तिचा कुत्रा ब्रॅन पसरलेला. फादर टूमी गावात नवे. ते बसले. ब्रॅनने त्यांची पोटरी धरली.

खोली गच्च भरलेली होती, पण पुढे असं निघालं, की नेमके तेव्हा सगळेच खिडकीतून टेकडी बघत होते. दुखवट्यातल्या माणसाची तक्रार करायची रीत नव्हती. फादरही म्हणाले, खिळा लागला. जखम चिघळली, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, खिळ्याला दात कुठून आले? मग काउन्सिलची कुत्र्यांची वॉर्डन, गावातलीच ग्रेस, मॅलकीच्या दारात आली.

त्याने बसायला सांगितलं. ती नको म्हणाली. टेबलावर कप दोन मांडलेले होते, आणि ती येणार हे तर त्याला माहीत नव्हतं.

"ज्याच्या घरात कुत्रा, त्यालाच मालक धरतात," ती म्हणाली. "आधी कधी चावला होता का, हे कायदा विचारत नाही. भरपाई तुम्ही द्यायची, बाहेर नेताना तोंडाला जाळी तुम्ही बांधायची. पण परवाना नूलामावशीच्या नावावर आहे. कुत्रा माझा नाही म्हणा, मी घेऊन जाते. तुम्ही सुटलात."

"नेऊन काय करता?"

ग्रेस किटलीकडे बघत राहिली. "फादरना चावलेला कुत्रा कोण पाळणार, मॅलकीकाका?"

मॅलकीने आजवर त्याला नूलाचाच कुत्रा म्हटलं होतं. ब्रॅनलाही ते मान्य होतं. मॅलकीने हाक मारली तर तो कानही हलवत नसे. आणि संध्याकाळी चहाच्या वेळी खुर्चीखाली त्याची शेपटी अजून फरशीवर आपटायची. का, ते मॅलकीने पाहिलं नव्हतं. भोचकपणा बरा नव्हे. तो नुसता दुसरा कप मांडायचा. नूला गेली, हे त्याच्या वतीने पाद्री बोलले होते, पेपरवाले बोलले होते. तो स्वतः अजून बोलला नव्हता.

"माझा आहे," तो म्हणाला. "ती गेली ना, पोरी. आता माझाच."

ग्रेसने लिहून घेतलं. कुत्र्याचा पट्टा हातात घेऊन मॅलकीने हाक मारली, "ब्रॅन."

ब्रॅनने मान उचलली, पण मॅलकीकडे नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत तो थांबला, पूर्वी नूलाच्या परवानगीसाठी थांबायचा तसा. त्याचे कान टवकारले. शेपटी एकदा हलली. मग तो उठला, सरळ मॅलकीपाशी आला आणि पट्ट्यासाठी मान पुढे केली.

ग्रेसचं पेन कागदावर तसंच राहिलं.

"आत्ता 'जा' असं कोण म्हणालं?"

"मी नाही," मॅलकी म्हणाला, आणि दुसऱ्या कपात चहा ओतू लागला.