चांगला दोर ओळखावा कसा

मी आयुष्यभर थापा मारल्या, आणि त्यांनी कोणाचं कधी वाईट झालं नाही. आमच्या वेंगुर्ल्याचा एक बांगडा चार माणसांसकट होडी ओढत कारवारला घेऊन गेला आणि तिथे त्यानं जकात भरली, हे मी सिल्वासात निदान दोनशे लोकांना सांगितलं असेल. त्यातल्या एकाचीही नोकरी गेली नाही. नोकरी गेली ती मी खरं लिहिलं तेव्हा. सन एकोणीसशे नव्याण्णव.

सिल्वासाजवळ राखोलीला दोरांचा कारखाना होता, मी तिथे डिस्पॅचला. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, त्याचे धागे काढायचे, धाग्यांना पीळ द्यायचा आणि दोर करायचा. होड्यांना, ट्रकांना, गोठ्यांना जाई तो. करमाफीची वर्षं संपत आली होती. शेठनी नोटीस वगैरे लावली नव्हती, पण टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं की मार्चपर्यंत मोठी ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर मशीनं उचलून दुसऱ्या राज्यात.

मला त्याचं काही वाटलं नाही. मालती, माझी बायको, आदल्या वर्षी गेली होती आणि तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नसे. थापा सुचत होत्या, लोक हसत होते, पण मला त्या दुसऱ्याच कोणी सांगितल्यासारख्या ऐकू येत. जेवण झालं की नाही हे मी डबा उघडून बघत असे.

वाटायचं ते कोंडाबाईला. ती फिनिशिंगला होती. तयार दोराचं वेटोळं घालायचं, टोकं जाळून बंद करायची, माल वेगळा काढायचा, हे तिचं काम. यावलकडची. नवरा गेल्यावर दिराच्या घरी सहा वर्षं राहिली आणि एक दिवस अंगावरच्या लुगड्यानिशी निघून इथे आली. नरोलीत एक खोली होती तिची. त्या खोलीला आतून कडी होती, हे ती सगळ्या नव्या बायांना सांगायची. कारखाना बंद झाला तर परत दिराच्या दारात. तिला दुसरं कोणी नव्हतं.

"भाऊ, मी तिकडे गेले तं मले गोठ्याशेजारी झोपवतीन," ती म्हणायची. "गाईचं ठीक आहे, ते घोरत नाही. दीर घोरते."

शेठचा मुलगा कल्पेश वापीला कॉम्प्युटर शिकून आला होता. त्यानं कारखान्याची वेबसाईट केली. टेलिफोनच्या तारेतून कुत्रं कोंडल्यासारखा आवाज यायचा, मग पंधरा मिनिटांनी आमच्या गेटचा फोटो दिसायचा. पण इंटरनेटवर दोर शोधला तर आमचं नाव तेविसाव्या पानावर. आमच्या वर एक सर्कस होती, आणि एका गोऱ्या माणसाचं कुत्रं, ज्याचं नाव रोप, म्हणजे इंग्रजीत दोर.

"जयवंतकाका, तमे लिहा," कल्पेश म्हणाला. "वापीचा कॅफेवाला सांगतो, ज्याच्या साईटवर डीप लिखाण असेल, तो वर येतो. लोक विचारतात एक, पण आपण त्यांना दहा सांगायचं. लांब लिहा. तुम्ही मराठीत लिहा, इंग्लिश मी करतो."

"मला दोरातलं काय कळतं?"

"तुम्हाला माशातलं तरी काय कळतं? तरी तुम्ही चार वर्षं सांगताच ना?"

मी पहिला लेख एका दुपारी लिहिला. आमच्या दोरानं दमणगंगेतून हत्ती काढला, हत्तीनं दोराला सोंडेनं नमस्कार केला, असं बरंच. कल्पेशनं वाचलं आणि कागद उलटा ठेवला. "काका, होडीवाला वाचेल हे. त्याला हत्तीशी काय काम?"

तेव्हा मी कोंडाबाईजवळ जाऊन बसलो.

बारा दिवस रोज दुपारी बसलो. ती काम करता करता बोलायची, मी लिहायचो. शुद्ध दाण्याचा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. गाठ मारली की दोराची ताकद निम्मी होते, म्हणून जाणता माणूस गाठ मारत नाही, पीळ सोडून टोक पिळांतच विणून घेतो. उन्हात राहिलेला दोर वरून पिठासारखा होतो, तो कितीही जाड असला तरी त्यावर जीव टांगू नये. आणि भंगार दाणा मिसळलाय का ते कसं ओळखायचं, ते तिनं हातात दोर घेऊन दाखवलं.

"इथं मुडपा. आता उलटा मुडपा. पांढरी रेघ आली? भंगार आहे. आता जाळा. चांगला असला तं मेणबत्तीवानी वास येते. भंगाराचा धूर काळा, डोळ्याले झोंबते."

"हा आपलाच दोर आहे ना?" मी विचारलं.

"आपलाच. मागच्या शेडमंधी मिसळतात. शेठले सांगा नका मी बोलले म्हणून. मी दोन ढीग करते, डावीकडे चांगला, उजवीकडे हा." मग एकदम माझा हात धरला. "भाऊ! बोट भाजून राह्यलं तुमचं!"

वितळलेलं टोक माझ्या बोटाला चिकटलं होतं. मी बघितलं. ते खरंच चिकटलं होतं.

लेख अकरा पानांचा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक शब्द पदरचा घातला नव्हता. नाव दिलं, चांगला दोर ओळखावा कसा. पाठोपाठ आणखी चार लिहिले, गाठींवर, उन्हावर, मिठाच्या पाण्यावर. कल्पेश रात्रंदिवस इंग्रजी करत होता. साईट हलली. पंधरावं पान, नववं, चौथं. डिसेंबरात सर्कस मागे पडली, मग कुत्रं. जानेवारीत दोर कसा तपासायचा असं विचारलं की आम्ही पहिले. कल्पेशनं आख्ख्या कारखान्याला जिलेबी वाटली. परदेशातून पत्रं यायला लागली. नॉर्वेतल्या कोणी एकानं लिहिलं होतं की माझे वडील मच्छीमार होते, ते हेच सांगत, पण लिहून कोणी ठेवलं नव्हतं.

मी ते कोंडाबाईला वाचून दाखवलं. ती वेटोळं घालायची थांबली. "हे तुमच्या बांगड्यावानी तं नाही?"

"नाही. खरं आहे."

"नार्वे कुठंसं आलं?"

"खूप वर. तिथे सहा महिने ऊनच नसतं."

"घ्या! मंग दोर टिकत असतीन," ती म्हणाली, आणि दिवसभर खूश होती.

फेब्रुवारीत वेरावळच्या होडीवाल्यांच्या संघाचं पत्र आलं. लेख वाचला, असं लिहिणारा कारखाना विश्वासाचा वाटतो, वर्षभराचा दोर तुमच्याकडूनच घेऊ, आधी नमुना पाठवा. हीच ती मोठी ऑर्डर. शेठ म्हणाले, ही आली तर मशीनं हलत नाहीत. कल्पेशनं माझ्या टेबलाशी येऊन स्वतः सांगितलं, "काका, आजच्या आज पार्सल."

कोंडाबाई जेवायला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "भाऊ, डावीकडचा ढीग. डावीकडचा बरं का."

"हो," मी म्हणालो.

मी शेडमध्ये गेलो. दोन ढीग होते. उजवीकडचा दारापासून जवळ होता. मी वरचं वेटोळं उचललं, गोणपाटात शिवलं, पत्ता लिहिला, ट्रान्सपोर्टवर देऊन आलो. मला डावीकडचा ढीग, हे शब्द ऐकू आले होते. ते विसरलो नव्हतो. पाय जवळच्या ढिगाशी थांबले आणि हात त्याच्याकडे गेला, एवढंच. नंतर पुष्कळांनी विचारलं, मी पुष्कळ कारणं सांगितली, काही फार सुरेख होती. पण सांगण्यासारखं कारण नव्हतं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तुमच्याच लेखात दिल्याप्रमाणे आम्ही दोर मुडपला, पांढरी रेघ आली. जाळला, काळा धूर आला. लेख उत्तम आहे, आमच्या सगळ्या सभासदांना छापून वाटला आहे. दोर दुसरीकडून घेतो.

कल्पेशनं ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "लेखात चांगला माल लिहिला, चांगला माल शेडमध्ये होता पण," तो म्हणाला. मग म्हणाला, "तो भाग काढून टाकू काका? मुडपायचा आणि जाळायचा?"

"त्यांनी छापून वाटलाय," मी म्हणालो.

त्यानं दुसरा नमुना पाठवला, फोन केले, स्वतः वेरावळला जाऊन आला. कोणी दोर हातात घेतला नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात क्रेन आली.

कोंडाबाई नाशिकच्या एसटीनं निघाली, तिथून पुढे यावल. मी तिला पोचवायला स्टँडवर गेलो. एक पत्र्याची पेटी, एक घमेलं, घमेल्यात स्टोव्ह. गाडीला अवकाश होता.

"भाऊ, मी डावीकडचा सांगितला व्हता," ती म्हणाली.

"हो."

"ऐकू आलं व्हतं?"

"आलं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या उसाच्या चरकाकडे. चरकवाला तोच ऊस तिसऱ्यांदा घालत होता. रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर कदाचित मलाही काही झालं असतं. ती म्हणाली, "मले तिकडे विचारतीन. अकरा वर्षांनी कशी काय आली म्हणून. काय सांगू? तुम्ही एवढ्या थापा मारता, एखादी द्या."

मी म्हणालो, "सांग की तू सांगितलेलं साता समुद्रापार वाचतात. नॉर्वेपासून वेरावळपर्यंत. दोर कसा ओळखावा असं जगात कुठेही विचारलं तर पहिलं तुझंच बोलणं येतं. आणि ते इतकं खरं निघालं की कारखानाच बंद पडला."

ती हसली. तोंडाला पदर लावून, पेटीवर बसून हसली. "हे कोण मानीन? दीर म्हणीन, बाई फिरली. साधं काही सांगा."

मी विचार केला. एरवी मला इतका वेळ लागत नसे.

"डोळ्यांनी अधू झाले म्हण. बारीक काम होत नाही आता."

"डोळे," ती म्हणाली. "हां. हे चालीन."

कंडक्टरनं पेटी वर चढवली. ती आत खिडकीशी बसली आणि बाहेरची पाटी वाचताना डोळे बारीक करून बघायला लागली. एकदा केलं, जमलं नाही, पुन्हा केलं. गाडी अथालच्या फाट्याकडे वळेपर्यंत ती तेच करत होती.