डावी टाच

नाचाचे शौकीन म्हणवणाऱ्या बाप्यांचा मला मनस्वी राग आहे. त्यांच्याच जिवावर माझं पोट भरलं, म्हणून तो तसूभरही कमी झालेला नाही.

मी गौहर. नगर जिल्ह्यातल्या जत्रांत एके काळी माझ्या फडाचं नाव होतं. दुपारी हे शौकीन माझ्या राहुटीत चहाला जमायचे आणि माझ्यादेखत माझ्यावरच बोलत बसायचे. त्यांचा म्होरक्या कमरुद्दीन. त्याचा बैलांच्या खरेदी-विक्रीचा धंदा. हातात कायम पराणी, म्हणजे टोकाला लोखंडी आर ठोकलेली बैल हाकायची काठी. माणसाकडेही तो दात बघून पारख करावी तसाच बघायचा.

"गौहरची नजर म्हंजी सुरी हाय, सुरी," तो म्हणायचा.

"आन् कंबर?" कुणीतरी विचारायचा.

"कंबरंचं तर इचारूच नका!"

तोंडात चघळायला पान आणि बोलण्यात चघळायला मी. कोपऱ्यात शेवगावचा लालमहंमद पिंजारी बसलेला असायचा. दाढीत कापूस अडकलेला. तो बशीतला चहा संपवायचा, मिशा पुसायचा आणि दर खेपेला तेच म्हणायचा, "बाई, तुमची डावी टाच उशिरा पडती."

"लालभाई, एवढ्या बाईत तुमाला निस्ती टाचच दिसली व्हय?" कमरुद्दीन विचारायचा, आणि राहुटी हसून हसून लोळायची.

"नाच बघाया येतो मी. टाच दिसनारच की."

मला त्याचा असा संताप यायचा! बाकीचे तोंड फाटेस्तोवर वाहवा करायचे, ती मी पानाच्या पिचकारीबरोबर विसरून जायचे. पण नाचायला उभी राहिले की लक्ष हटकून त्या टाचेकडे. मेल्यानं माझं सुख नासवलं होतं.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळेना, बत्त्या पेटेनात, म्हणून मिरजगावच्या जत्रेत माझा आणि रंगुबाईचा सामना भर दुपारी ठरला. रंगुबाईही माझ्यासारखीच फडाची मालकीण आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचेही शौकीन होते, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना पाण्यात बघायचे.

सामन्याचा रिवाज असा. मन खूश झालं की आपल्याकडे माणूस फेटा उडवतो. पण सामन्यात आपल्याच माणसांनी उडवलेले फेटे धरत नाहीत. समोरच्या गोटातला फेटा उडाला तरच नाचणारीची जीत. दोघींसाठी उडाला, तर पुन्हा नाचायचं. जी हरते तिनं पायातली घुंगरांची चाळ सोडून दुसरीच्या हवाली करायची, आणि आपली पाळी संपायच्या आत जिनं चाळ सोडली ती हरलीच. एकदा चाळ गेली की तिला पुन्हा कुठला फड उभी करत नाही. माझ्या चाळीचे घुंगरू माझ्या आईच्या पायातले होते, म्हणजे त्या दुपारी माझं पोट आणि माझी आई दोन्ही पणाला होती.

सकाळी कमरुद्दीननं सगळ्यांना माझ्या ढोलकीवर हात ठेवायला लावले. "कायबी हू दे, रंगूसाठी फेटा उडवायचा न्हाई. ज्याचा उडंल त्याचं डोकं फेट्यासंगं उडंल!"

"माझ्या ढोलकीला असल्या शपथा घालू नगा," माझा ढोलकीवाला कृपादान कुरकुरला. "वाजवायची चीज हाय ती."

त्याचं कोण ऐकतंय! लालमहंमदनंही ढोलकीवर हात ठेवला. त्याच्या मनात कपट असतं तर मी आज हे सांगत बसले नसते.

पहिली पाळी रंगूची होती. इतकी वर्षं बत्तीच्या उजेडात नाचले, पण बघणाऱ्यांची तोंडं अंधारातच राहिली होती. त्या दुपारी ती मी पहिल्यांदा नीट बघितली. आमची माणसं दात आवळून, हात काखेत दाबून बसली होती. रंगू गिरकी घेत आली, मध्यावर थांबली, आणि पायातले सगळे घुंगरू गप्प ठेवून तिनं त्यातला एकच वाजवला. एकच! मग डावी टाच अशी टेकवली की ढोलकीची थाप आणि टाच वेगळी काढता येईना. माझ्याच तोंडून "वा" निघून गेलं.

आणि आमच्या गोटातून एक फेटा वर गेला.

लालमहंमदचा होता. त्यानं ठरवून उडवला नव्हता. शिंक आवरत नाही, तसा तो त्याच्या हातून सुटला. त्याचं तोंड उघडंच होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. फेटा खाली यायच्या आत त्याला आपण काय केलं ते कळलं, कारण त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"बेइमान!" कमरुद्दीन ओरडला आणि त्यानं पराणी घातली. ती डोक्यावर बसली नाही, आर सरळ उजव्या डोळ्यात गेली. लालमहंमद ओरडलासुद्धा नाही, गुडघ्यांवर बसला. मग त्याच्याबरोबर इतकी वर्षं एका किटलीतला चहा प्यालेले सगळे त्याच्यावर तुटून पडले. खिळ्यांच्या वहाणा त्याच्या तोंडावर पडत होत्या. तिकडून रंगूची माणसं जीत झाली म्हणून नाचत आली, त्यांच्यावर आमच्यांनी दगड टाकले. त्यांनी मांडवाचे वासे उपसले. हलवायाची कढई पालथी झाली, आणि एक पोरसवदा गडी उकळत्या तेलात दोन्ही हातांवर पडला, त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. कुणाचा जबडा फुटला, कुणाची बरगडी. जी माणसं काल-परवापर्यंत माझ्या नजरेला सुरी म्हणत होती, त्यांच्या हातात आता खऱ्या सुऱ्या होत्या.

"बाई, हलू नगा!" कृपादाननं माझा दंड धरला. "तुमची पाळी बाकी हाय. ही दंगल निवली की तुमी नाचा. त्यांच्यातला एक फेटा तरी उडंलच. चाळ वाचंल."

खरं होतं त्याचं. मला नुसतं उभं राहायचं होतं. मी उभी राहिले आणि बघत राहिले. कमरुद्दीननं लालमहंमदची मान पायाखाली दाबली आणि पराणी पुन्हा वर उचलली. "ह्या डोळ्यानंबी टाचच बघशील काय रं?"

मी खाली बसले आणि उजव्या पायातली चाळ सोडली.

ती मुठीला गुंडाळून मी गर्दीत घुसले. सगळा जोर एकवटून कमरुद्दीनच्या तोंडावर हाणली. पितळेचे घुंगरू होते, भरीव वजनाचे. त्याचे दात माझ्या पायावर पडले. मी पुन्हा हाणली, नाकावर. पुन्हा, कानशिलावर. मला फार बरं वाटत होतं, हे सांगायला मला लाज नाही. तो पडला तरी मी थांबले नाही, कृपादाननं कमरेला विळखा घालून मला मागं ओढलं तेव्हा थांबले. पण उशीर झाला होता. माझ्या पहिल्या घावाच्या आधीच पराणी खाली आली होती.

रंगू तिच्या जागेवर उभी होती. मी दुसऱ्या पायातलीही चाळ सोडली आणि दोन्ही तिच्यापुढं ठेवल्या. तिनं त्या उचलल्या. पदरानं रक्त पुसलं आणि म्हणाली, "तुझा नाच बघायचा ऱ्हायला, गौहर." मग घेऊन गेली. का न्यायच्या नाहीत तिनं? रिवाज तो रिवाज.

त्यानंतर मला कुठल्याच जत्रेचं बोलावणं आलं नाही. थंडी सुरू झाली तेव्हा मी शेवगावला गेले. लालमहंमदच्या बायकोनं, चांदबीनं, दार उघडलं.

"आता काय ऱ्हायलंय न्यायाला?" ती म्हणाली. मी वहाणा काढल्या. ती बाजूला झाली.

तो अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसला होता. डोळ्यांच्या जागी दोन सुकलेल्या खोबणी. माझी चाहूल लागताच त्यानं मान वर केली.

"गौहरबाई? तुमची पाळी ऱ्हायली की. नाचा."

"चाळ न्हाई, लालभाई. तुमाला दिसत न्हाई आन् आता ऐकूबी यायचं न्हाई. कुनासाठी नाचू?"

त्यानं जरा विचार केला. मग पुढं वाकून दोन्ही तळहात मातीवर पालथे टेकवले. "हं," म्हणाला.

मी पदर खोचला. चांदबी दारातच थांबली, आत गेली नाही. त्या अंगणात, बिनढोलकीची, अनवाणी मी सगळी लावणी नाचले. जीव तोडून नाचले. शेवटची थाप दिली आणि धापा टाकत उभी राहिले. त्याचे हात अजून मातीवरच होते.

"डावी टाच," तो म्हणाला, "अजून उशिराच पडती."

मी हमसून हमसून रडले. मग डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.