शामलाबाईंनी पदर खोचला की

महाल वाद्यवृंदात दहा जण होते आणि समोर उभं राहून हातवारे करणारा कोणी नव्हता. सुरुवात शामलाबाई करायच्या. त्या जलतरंग वाजवत. चिनी मातीच्या वाट्यांत पाणी भरून सूर जुळवून झाला, की त्या पदर कमरेला खोचायच्या आणि काड्या उचलायच्या. पदर खोचला की एक श्वास, आणि सगळी वाद्यं एकदम सुरू. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं तसं होत आलं, एवढंच.

एकाहत्तर साली श्रावणात शामलाबाईंना धंतोलीच्या दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत. त्यांचे यजमान महादेवराव वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. तेरावं झालं तसं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "हिवाळ्याचे तिन्ही कार्यक्रम होतील. तिनं हो म्हणून ठेवलं आहे." वाट्यांपुढे आता पुष्पलता बसू लागली. ती शाळेत शिकवायची आणि शामलाबाईंच्या हाताखाली तयार झाली होती.

पहिला कार्यक्रम धंतोलीत झाला. तिथे तबल्यावरच्या रूपरावांनी तोंडानं एक-दोन-तीन म्हटलं आणि पुढची रांग हसली. पण वेळ निभावली.

रामटेकला मात्र फजिती झाली. शाळेच्या पटांगणात वारा होता. पुष्पलता अजून वाट्यांत पाणी ओतत होती. पदर उडाला म्हणून तिनं खोचला, तसा महादेवरावांचा व्हायोलिनवरचा गज चालू झाला. त्यामागे क्लॅरिनेट, दिलरुबा, तबला. पुष्पलता हातात तांब्या धरून बघत राहिली. सगळं पटांगण हसलं.

परतीच्या बसमध्ये महादेवराव क्लॅरिनेटवाल्या देवाजींना म्हणाले, "तू काहून सुरू झाला गा?"

"तुमचा गज चालला ना, भाऊ. म्हटलं, भाऊ निघाले, आपण काहून थांबा?"

"एक करा," रूपराव म्हणाले, "पुष्पलताच्या पदराले पिन लावून टाका."

"अन् तुमच्या तोंडाले कोण लावन, काका?" पुष्पलता मागून म्हणाली.

सगळे हसले. मग रूपराव हळूच म्हणाले, "भाऊ, यंदा राहू द्या. खापरखेड्याले पुढच्या साली जाऊ."

"जायचं यंदाच," महादेवराव म्हणाले. "एकदा सगळे एकसाथ सुरू होऊन दाखवू. मग ज्याले घरी बसायचं त्यानं बसावं."

पुढच्या तालमीला त्यांनी पुष्पलतेला विचारलं, "पोरी, सुरू करतानी तू काय करतं?"

"मान हलवते, काका."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. धंतोलीलेही हलवली होती. कोणी वर पाहतच नाही. सगळे माझ्या पदराकडे पाहून राहतात."

महादेवरावांनी खाली पाहत गजाला राळ लावली. मग सगळ्यांना म्हणाले, "आजपासून पोरीच्या तोंडाकडे पाहायचं."

खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत मंडप घातला होता. कामावरून सुटलेली माणसं बायकापोरांसह सतरंज्यांवर बसली होती. पुष्पलतेनं पाणी भरलं, काडीनं एकेक वाटी वाजवून पाहिली. वारा इथेही होताच. पदर सुटला. तिनं तो कमरेला खोचला.

महादेवरावांचा हात वर गेला. गज तारेला लागणार तोच त्यांनी तो खाली घेतला आणि गुडघ्यावर टेकवला. कोणीच सुरू झालं नाही. रूपराव खाकरले. पुष्पलतेनं काड्या उचलल्या आणि उजवीकडून डावीकडे सगळ्यांकडे पाहिलं. महादेवराव तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कपाळावर घाम होता, पण ती घाबरलेली नव्हती. तिनं मान हलवली.

दहाही वाद्यं एकदम वाजली. भूपातली धून होती. पहिली वाटी त्यात स्वच्छ ऐकू आली.

कार्यक्रम झाल्यावर पुष्पलता वाट्या भाताच्या तणसात गुंडाळून पेटीत भरत होती. महादेवराव म्हणाले, "पेटी तुह्या घरी ने."

"काकूच्या वाट्या आहेत, काका."

"मी रोज पुसून ठेवून राहिलो नुसत्या. तालीम तुले करा लागते."

बसमध्ये देवाजी त्यांच्याजवळ येऊन बसले.

"भाऊ, हात उचलला होता तुमचा."

"उचलला होता," महादेवराव म्हणाले. "मग ठेवला."